पुष्पाबाईचं घर

घराचा इतिहास दहा ओळींत लिहून द्या, असं दीर सांगतो तेव्हा खुशाल समजावं, की त्यातल्या नऊ ओळी त्याच्या मनात आधीच लिहून झाल्यात. जागृतीच्या दिराने, मितेशने, तर आडपडदाही ठेवला नाही. “वहिनी, तुम्ही मराठीच्या बाई. बाबांनी कसं पोटाला चिमटा काढून घर उभं केलं, आम्हाला कसं शिकवलं, असं जरा डोळ्यांत पाणी आणणारं लिहा. दगडावर कोरायचंय. लॉबीत लागणार.”

लॉबी कुठली, तर अजून एक वीटही न लागलेल्या ‘पुंडलिक हाइट्स’ची. सध्या तिथे उभं होतं ते बैठं, कौलारू घर, पालघरहून सातपाटीला जाणाऱ्या रस्त्याला. पुढे दोन खोल्या, मागे दोन, परसात विहीर आणि शेवग्याचं झाड. चारी बाजूंनी इमारती चढल्या होत्या आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून लोक या घराच्या कौलांवर केळ्यांच्या साली टाकत. आता ते पाडून सात मजले होणार होते. बिल्डर तीन फ्लॅट देणार होता. एक जागृतीच्या नवऱ्याला, म्हणजे धर्मेशला, एक धाकट्या मितेशला, आणि तिसरा भाड्याने देऊन दोघांनी वाटून खायचा.

“आणि आत्याबाई?” जागृतीने विचारलं होतं.

आत्याबाई म्हणजे पुष्पलता, कैलासवासी सासऱ्यांची मोठी बहीण. ऐंशीच्या घरातली, पण हाडापेराने दणकट, उंच बाई. मागच्या खोलीत राहायची. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून परस झाडायची आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर पाट घ्यायची. घरात तिच्याबद्दल बोलायची एक पद्धत ठरून गेली होती. “बाबांनी आत्याला सांभाळलं हो शेवटपर्यंत.” पाहुण्यांसमोर हे वाक्य हमखास यायचं, आणि आत्या तिथेच बसून लसूण सोलत असायची.

“आत्या जाईल दातिवऱ्याला, विश्रामदादाकडे,” धर्मेश म्हणाला. विश्राम म्हणजे कुठल्या तरी चुलत्याचा मुलगा. वर्षातून एकदा दिसायचा.

“बांधकाम होईपर्यंत ना?”

“बघू ना.”

बघू ना! या दोन शब्दांनी जागृतीच्या डोक्यात तिडीक जायची. धर्मेश बोईसरला कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. तिथे म्हणे त्याच्याइतका चटपटीत माणूस नाही. घरी आला की सगळ्या नको त्या गोष्टींना ‘बघू ना’. तिने नकाशा मागून घेतला आणि तिन्ही फ्लॅटच्या खोल्या बोटाने फिरून पाहिल्या. मास्टर बेडरूम होती, मुलांची खोली होती, एका ठिकाणी तर बूट ठेवायला वेगळी जागा होती. आत्याबाईसाठी काही नव्हतं. म्हातारीला एकदा दातिवऱ्याला पोचवली, की संपलं. तिथेच मरू दे, असं तोंडाने कुणी म्हणत नव्हतं इतकंच.

तरी तिने लिहायला घेतलं. राग आला तरी कामाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर दहा ओळी गोड लिहून दिल्या, की त्या बदल्यात आत्याबाईचं काहीतरी बोलता येईल, असा तिचा हिशेब होता. पहिली ओळ झाली. हे घर कै. पुंडलिक यांनी बांधले. पण बाईच ती. मुलांच्या निबंधात ‘कधी’ नि ‘कसे’ शोधायची खोड तिला इथेही आडवी आली.

“घर बांधलं कधी हो?”

“असेल सत्तर-बहात्तरच्या सुमाराला,” धर्मेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

“तेव्हा बाबा कॉलेजात होते ना?”

“असतील.”

“कॉलेजातल्या पोराने घर बांधलं?”

“अगं, आजोबांनी मदत केली असेल.”

“आजोबा बोटीवर खलाशी होते आणि बाबा शाळेत असतानाच ते वारले. तुम्हीच सांगितलंय मला.”

तेव्हा कुठे मान वर आली. “तुला निबंध लिहायला सांगितलाय की चौकशी समिती नेमलीय तुझी?”

झालं. जागृतीला असं कुणी म्हटलं, की ती गोष्ट तडीस नेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. आत्याबाईला विचारावं तर ती शेवग्याची पानं खुडत म्हणाली, “लिव की, त्यानंच बांधलं. मेलेल्या मानसाचं नाव हाय, ऱ्हाऊ दे.” आणि पानांचं सूप उचलून आत गेली.

घराच्या पुढच्या खोल्यांत पूर्वी भाडेकरू असत, एवढं तिला ठाऊक होतं. बोईसरचे कारखाने नवे होते, तारापूरकडे कामं निघाली होती, आणि बाहेरून आलेल्या माणसांना राहायला जागा मिळत नसे. कुणी रेल्वेतला, कुणी सरकारी दवाखान्यातली नर्स, कुणी फिटर. त्यातले एक प्रदीपकाका निवृत्त होऊन बोईसरलाच राहिले होते आणि त्यांची नात जागृतीच्याच शाळेत होती. शाळा सुटल्यावर ती त्यांच्याकडे गेली.

“सातपाटी रस्त्याचं पुष्पाबाईचं घर?” काका एकदम खुलले. “अहो, माझा संसार तिथे सुरू झाला! पुष्पाबाई म्हणजे काय बाई होती! पहाटे सातपाटीला जायची, मासळी घेऊन बाजारात बसायची, आणि परत आली की गवंड्याच्या डोक्यावर उभी. आम्ही राहायला आलो तरी मागची भिंत अर्धीच होती.”

“आणि पुंडलिकराव?”

“कोण पुंडलिक?” काका विचारात पडले. “हां, तो भाऊ होय त्यांचा! मागच्या खोलीत अभ्यास करायचा तो. नाकासमोर चालणारा मुलगा. तुमचे कोण ते?”

घर बांधणारा मागच्या खोलीत अभ्यास करत होता! जागृती रिक्षात बसली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण ऐकीव गोष्ट म्हणजे ऐकीव गोष्ट. मितेश म्हणणार, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. काकांनी शपथेवर सांगितलं तरी तो म्हणणार.

त्याच आठवड्यात जागृतीची आई आली. शकू सातपाटीची, आत्याबाईसारखीच उंच, आजही पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसणारी. लेकीच्या घरी सुके बोंबील द्यायचे म्हणून बाजाराच्या वाटेवर मागच्या दाराने शिरली, डोक्यावर भरलेली पाटी तशीच. जागृती ओट्याशी होती. आईची चाहूल लागताच ती हात वर करून धावली. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट ती. भरलेली पाटी एकट्या बाईला उतरवता येत नाही. चढवायला एक जण लागतो, उतरवायला एक जण लागतो, नाहीतर मान तरी जाते नाहीतर मासळी जमिनीवर. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी आईची पाटी उतरवायची, हे तिचं सातपाटीचं बालपण.

पण ती पोचायच्या आत आई दारातून न वाकता आत आली, अर्धी वळली आणि डोक्यावरची पाटी दाराशेजारच्या दगडी फळीवर सरकवून मोकळी झाली. एकटीने. कुणाचा हात न लागता.

“बोंबील घे आधी, मला उशीर हाय,” आई म्हणाली.

जागृती फळीकडे बघत राहिली. भिंतीतून हातभर बाहेर आलेली ती फळी म्हणजे घरातली मोठी प्रसिद्ध वस्तू. बाबांची रेडिओची फळी! बाबांनी मुद्दाम बांधून घेतलेली म्हणे. आणि ते दार! मागचं दार असून पुढच्या दारापेक्षा वीतभर उंच. त्याचीही कथा होतीच, की बाबांना सगळं ऐसपैस लागायचं. बाबा म्हणजे साडेपाच फूटही नसलेला माणूस. जागृतीने चौकटीत उभं राहून वर पाहिलं. उंच बाई, तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. मग वर चार बोटं. दाराचं माप ते होतं. आणि फळी बरोबर त्या बाईच्या माथ्याइतकी. पाटी उचलायची नाही, खाली वाकायचं नाही, नुसती सरकवायची. जिच्या घरी पाटी उतरवायला दुसरं माणूस नाही, तिनेच हे असं बांधून घ्यावं. कॉलेजातल्या पोराला हे स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं.

आई गेली आणि जागृती सरळ परसात गेली.

“आत्याबाई, गवंड्याला फळीचं माप कुणी दिलं?”

आत्या विहिरीच्या कठड्यावर टेकली होती. तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, “भिंतीला टेकून उबी ऱ्हायले. गवंड्यानं कोळशानं रेघ मारली डोक्यावर.” आणि एवढं तोंडातून गेल्यावर मग बाकीचंही आलं. नवऱ्याने मूल होत नाही म्हणून दुसरी आणली, तेव्हा ती माहेरी परत आली. माहेरी होता तो एक शाळकरी भाऊ. त्याला शिकवायचं म्हणून ती पालघरच्या बाजाराला लागली. इथे तेव्हा नुसतं गवत होतं. जागा तिने ठरवली, घर तिने बांधलं.

“मग कागद बाबांच्या नावावर कसा?”

“कचेरीत जायचं व्हतं त्या दिवशी. तर रात्री बोटी लागल्या. बोंबील एवडा आलेला, एवडा, का बंदरावर पाय ठेवायला जागा नाय. कचेरीत गेलं का अख्खा दिवस जातो. मासळी थांबते काय? पुंडलिकला सांगितलं, तू शिकलेला, तू जा, मी बाजारात जाते. तो गेला. सायब म्हनला असेल नाव सांग. त्यानं सांगितलं सोताचं.”

ही चूक जागृतीला परकी नव्हती. तिला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाही आई आली नव्हती, याच कारणाने. मासळी सोडून जाणं हे सातपाटीच्या बाईला पापच वाटतं. घराचा कागद उद्या होईल, पण बोंबील उद्या खत होतो!

“नंतर बोलला नाहीत तुम्ही?”

“बोलले की. म्हनायचा, करू, करू. माजं काय नि तुजं काय, अक्का. मग लगीन झालं त्याचं, पोरं झाली. पोरं मीच वाढवली. मग कोन बोलतंय?” तिचा आवाज चढला. “आनि तू आता कशाला उकरतेस? मला जायचंय दातिवऱ्याला. जाते मी. सुटेन.”

“जाणार नाही तुम्ही,” जागृती म्हणाली, आणि पदर खोचून आत आली. सासरे वारले होते, त्यांना बोलता येत नव्हतं, याचंच तिला वाईट वाटलं. चांगलं झाडलं असतं!

रविवारी तेजल आली. तेजल ही धर्मेश-मितेशची धाकटी बहीण, चिंचणीला दिलेली. तिला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं होतं. आपल्याकडे बहिणीने भावांसाठी हक्क सोडायचा असतो आणि वर भावांनी दिलेली साडी नेसून हसत घरी जायचं असतं. साडी आणून ठेवलेली होतीच, मोरपंखी. बिल्डरचा माणूस कागदांची फाइल घेऊन खुर्चीवर बसला होता. आत्याबाई दाराशी जमिनीवर, नेहमीसारखी.

“सहीच्या आधी वहिनी बाबांचा इतिहास वाचून दाखवतील,” मितेशने जाहीर केलं. “वातावरण तयार होतं जरा.”

जागृती उभी राहिली. हातात कागद होता, पण तिने तो पाहिला नाही. “हे घर पुष्पलताबाईंनी बांधलं. सातपाटीची मासळी डोक्यावर वाहून बांधलं. त्यांचा भाऊ पुंडलिक तेव्हा मागच्या खोलीत अभ्यास करायचा, तोही त्यांच्याच जिवावर. कचेरीत जायच्या दिवशी त्या बाजारात होत्या, म्हणून त्याने घर स्वतःच्या नावावर लावून घेतलं, आणि मेला तरी परत केलं नाही. झाला इतिहास. कोरा आता दगडावर!”

धर्मेश ओरडला, “जागृती! वेड लागलंय का? बाबांबद्दल बोलतेयस तू!”

“पुरावा काय?” मितेश म्हणाला. जागृतीला वाटलंच होतं.

“पुरावा मागच्या दाराला आहे. जाऊन उभे राहा. ती पाटी उतरवायची फळी आहे. रेडिओची म्हणे! कुठला शहाणा माणूस रेडिओ डोक्याच्या वर ठेवतो?”

“बाबा ठेवायचे. सगळ्यांना माहितीय.”

“बाबा स्टुलावर चढायचे,” तेजल एकदम म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती साडीच्या घडीवर हात ठेवून बसली होती. “काटा बघून स्टेशन लावायला बाबा स्टुलावर चढायचे. मी स्टूल धरायचे. मला नेहमी वाटायचं, स्वतःसाठी फळी बांधली तर इतकी वर का बांधली? आणि आत्या मात्र जाता-येता, टाचाही न उचलता रेडिओ बंद करायची.” तिने आत्याकडे पाहिलं. “आत्या, खरं हाय हे?”

आत्याने नुसती मान डोलावली. तेजलने उघडलेलं पेन मिटलं आणि टेबलावर ठेवलं.

आता मात्र घाई झाली. बिल्डरचा माणूस घड्याळ बघायला लागला, आणि धर्मेशने कारखान्यात वापरतो तो आवाज काढला. “ठीक आहे. झालं ते झालं. आत्याला दातिवऱ्याला नाही पाठवत. माझ्याकडे राहील. हॉलमध्ये दिवाण टाकू. आता तरी?”

“हॉलमध्ये नाही,” जागृती म्हणाली. जिंकल्याचं वारं तिच्या अंगात शिरलं होतं. “आतली खोली. खिडकीची.”

“आतली खोली मुलांची आहे.”

“मुलं हॉलमध्ये झोपतील. नाहीतर मितेशभाऊजी, तुम्ही सहा महिने आणि आम्ही सहा महिने...”

“भाव करतेस?” धर्मेश म्हणाला.

आत्याबाई उठून उभी राहिली होती. जागृतीने तिला अशी ताठ उभी कधी पाहिलीच नव्हती. तिचं डोकं मितेशच्या वर गेलं होतं.

“माज्यासमोर माजाच भाव करताव तुमी? खोली देताव? दिवान देताव? कुनाच्या घरातला? आनि तू, जागृती, तू पन? सहा महिने हिकडं नि सहा महिने तिकडं, मी काय भाड्याची सायकल हाय?”

जागृतीचा चेहरा उतरला. तिच्याशी इतक्या रागाने कुणी बोललं नव्हतं, आणि त्यातला शब्द न् शब्द तिला लागू होता. ती म्हातारीसाठी भांडत होती, पण भांडत होती कशासाठी, तर जागा देण्यासाठी. जिची जागा, तिलाच.

“तिसरा फ्लॅट माजा,” आत्या म्हणाली. “माज्या नावावर. तुमच्या दोगांचे तुमाला, मी घेत नाय. पन तिसरा माजा. नाय तर तेजल सही करनार नाय.”

“नाही करणार,” तेजल म्हणाली आणि साडीची पिशवी भावाकडे सरकवली.

बिल्डरच्या माणसाने फाइल मिटली. “घरात ठरवा, मग फोन करा,” म्हणून तो चपला घालून गेला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळ्यांनी दम धरला आणि मग मितेशचा बांध फुटला.

“ऐंशी वर्षं झाली तुला! फ्लॅट काय करायचाय? मरताना वर घेऊन जाणार आहेस?”

“मितेश!” तेजल किंचाळली.

पण आत्या शांत होती. “वर नाय नेनार,” ती म्हणाली. “हितंच ठेवून जाईन. पन कुनाला देऊन जायचा, ते मी ठरवीन.”

जागृतीने नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यांवर हळूहळू एकच गोष्ट उमटत होती आणि ती तिला शब्दांत वाचता येत होती. दोघेही भाऊ आत्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट, डोक्यापासून पायापर्यंत बघत होते.

मग मितेश उठला. बिल्डरचा माणूस बसला होता ती खुर्ची त्याने पुढे ओढली, हाताने झटकली. “आत्या, बस ना,” तो म्हणाला. आवाज असा, जसा काही तोंडात खडीसाखर ठेवलीय. “उभी का? चहा घेशील का? वहिनी, जरा आत्याला चहा...”

जागृतीला एवढा संताप आला, की हातातला दहा ओळींचा कागद चोळामोळा झाला. लाज कशी वाटत नाही, हे तिच्या ओठांवर आलंच होतं. पण आत्याने हाताने तिला थांबवलं. ती खुर्चीवर बसली, पाय पसरून, पाठ टेकून.

“ती नाय,” आत्या म्हणाली. “तू टाक, मितेश. तुज्या हातचा अजून प्याले नाय मी.”

मितेशने इकडेतिकडे पाहिलं. कुणी हललं नाही. शेवटी तो स्वयंपाकघरात गेला. भांडी वाजली, एक झाकण खाली पडलं, फडताळ उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“साखर कुठे असते?” आतून आवाज आला.

जन्म गेला होता त्याचा त्या घरात. बाहेर बसलेल्या तिघी बायकांपैकी एकीनेही उत्तर दिलं नाही.